बायोडाटातला वजनाचा रकाना काढून टाका

सोलापुरातल्या सगळ्या वधू-वर सूचक मंडळांच्या चालकांना, मेळावे भरवणाऱ्या दादा-ताईंना आणि घरोघरी स्थळं सुचवणाऱ्या मावशी-काकूंना नमस्कार.

सिद्धेश्वराची गड्डा जत्रा संपली, आता लग्नसराई. होम मैदानावरचे पाळणे उतरायच्या आत तुमच्या मेळाव्यांचे बॅनर लागले, अशोक चौकापासून विजापूर रोडपर्यंत सगळीकडं, आणि माझ्या फोनवर तर ओळखीतल्या मुलामुलींचे बायोडाटे रोजच येतायत. तुम्ही हे काम मनापासून करता, बरेच जण तर एक रुपया न घेता करता हे मला माहितेय, त्यामुळं भांडायला म्हणून लिहीत नाहीये. पण एक मागणं आहे ते सरळच सांगते. मुलींच्या बायोडाटात वजनाचा जो रकाना असतो तो काढून टाका, मेळाव्यात स्टेजवरून माइकवर मुलीचं वजन वाचणं बंद करा, आणि "पाच किलो कमी करा मग दाखवू" हे कुठल्याही आईला परत सांगू नका.

मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त झालेय. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यात उपकेंद्रांवर नोकरी झाली, कुंभारीकडं विडी कामगार बायकांच्या वसाहतीतही काम केलं. गरोदर बायकांची नोंदणी, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, बाळंतपण, बाळाचं वजन, लसीकरण, सगळी नोकरी यातच गेली. म्हणजे तुम्ही ज्या मुलींची लग्नं जुळवता त्या वर्षभरात आमच्याकडं येतात, हातात माता-बाल कार्ड घेऊन. तुम्हाला ती पिवळी साडी नेसून स्टेजवर उभी असलेली दिसते, आम्हाला तिचं रक्त दिसतं. म्हणून हे पत्र मीच लिहायला पाहिजे असं वाटलं.

मला लोक नेहमी विचारतात, सिस्टर, जाड असणं वाईट का बारीक असणं वाईट? बहुतेक जण उत्तर ठरवूनच विचारतात, जाडच वाईट. टीव्हीवर तेच, मोबाईलवर तेच, डॉक्टर पण वजन कमी करा म्हणतात. माझं उत्तर वय बघून बदलतं. पस्तिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाला मी सांगेन की बाबा तुझं जाड असणंच वाईट, आजपासून चालायला लाग. पण लग्नाच्या वयाची मुलगी, अठरा ते सव्वीस-सत्तावीस, आपल्या जिल्ह्यातली, तिच्याबाबतीत विचाराल तर बारीक असणं जास्त वाईट, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. त्याची कारणं पुढं देतेच पण आधी बारीक म्हणजे नेमकं किती ते बघू, कारण घोळ तिथंच आहे.

वजन किलोमधे घ्यायचं आणि उंची मीटरमधे घेऊन तिच्या वर्गानं भागायचं, येतो तो बीएमआय. १८.५ च्या खाली आला तर वजन कमी. २५ च्या वर जास्त आणि ३० च्या वर लठ्ठपणा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. आपल्या लोकांना कमी वजनावरच साखर आणि हृदयाचे आजार लागतात म्हणून भारतीय डॉक्टरांनी २३ च्या वर जास्त आणि २५ पासून लठ्ठ असं माप धरलंय. आता पाच फूट उंचीची मुलगी घ्या, आपल्याकडं ही सर्रास उंची आहे. तिचं वजन ४३ किलोच्या खाली असेल तर ते कमी वजन, ४३ ते ५३ म्हणजे एकदम व्यवस्थित, ५८ पर्यंत गेलं तर थोडं जास्त. आणि तुमच्या मेळाव्यात काय होतं? ५५ किलोची मुलगी आली की कुजबुज सुरू होते, अंगानं भरलेली आहे म्हणतात, आणि ३९ किलोची आली की नाजूक आहे, चवळीची शेंग आहे म्हणून पाच जण पत्रिका मागतात. ३९ किलो म्हणजे बीएमआय १७ पण नाही. ती मुलगी कदाचित आजारी आहे, आणि आपण तिला पहिला नंबर देतोय.

बरं, हे एकट्या-दुकट्या मुलीचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २०.८ टक्के बायकांचं वजन कमी निघालं आणि २३.४ टक्के बायकांचं जास्त. कुणी म्हणेल बघा, जाड जास्त आहेत. हो, पण त्यात चाळिशीतल्या बायका पण धरल्यात. वयाप्रमाणं बघितलं तर सगळ्यात बारीक १५ ते १९ च्या मुली असतात, म्हणजे ज्यांचे बायोडाटे उद्या तुमच्याकडं येणार आहेत त्याच. आणि त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! पण तुमच्या फॉर्ममधे रास आहे, गण आहे, नाडी आहे, देवक आहे, वर्ण आहे, हिमोग्लोबिन कुठंच नाही.

एका मुलीचं सांगते, नाव-गाव सांगणार नाही आणि मंडळाचं पण नाही. पाच फूट उंची, ५५ किलो वजन, हिमोग्लोबिन साडेबारा, पाळी अगदी वेळेवर, बीकॉम झालेली, सायकलवरून कामाला जायची. तब्येतीला नाव ठेवायला जागा नव्हती. एका मेळाव्यात तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी चांगली आहे पण थोडं वजन उतरवा, स्थळं भराभर येतील. आई माझ्याकडं येऊन रडली, "पोरगी लई जाड दिसालीय म्हणालेत ओ सिस्टर." मी कागदावर आकडे मांडून दाखवले, काही उपयोग झाला नाही, कारण माझ्या शब्दाला स्थळ येत नाही, तुमच्या शब्दाला येतं. मग काय, सकाळी ग्रीन टी, दुपारी एक भाकरी, रात्री काही नाही, कुणीतरी विकलेली पावडर, वर सोळा सोमवार. काही महिन्यांत ४२ किलो. सगळे म्हणाले किती छान दिसायली. केस पुंजक्यानं गळत होते, पाळी तीन महिने आलीच नाही, जिना चढला की धाप. लग्न झालं, पाळी परत आली आणि लगेच दिवस राहिले, सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेसात, आठव्याच्या आतच बाळंत झाली, बाळ एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवायला लागलं, तिच्या वडलांनी कर्ज काढलं. बाळ वाचलं, ती पण वाचली. पण ५५ किलोवर ती निरोगी होती हो. तिला आपण सगळ्यांनी मिळून आजारी केलं आणि मग त्या आजारी मुलीचं कौतुक केलं.

बारीक असणं या वयात जास्त वाईट का म्हणते, तर ह्याच्यासाठी. आपल्याकडं लग्न झालं की वर्षात पाळणा हलायला पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. गरोदरपणात रक्ताची मागणी वाढते, बाळाला लोह लागतं, कॅल्शियम लागतं, प्रथिनं लागतात आणि ते सगळं आईच्या अंगातून जातं. अंगात साठाच नसेल तर कुठून जाणार? बाळंतपणात अर्ध्या लिटरपर्यंत रक्त गेलं तर बारा हिमोग्लोबिनची बाई ते सोसते, सात हिमोग्लोबिनच्या बाईला तेवढंच रक्त जाणं जिवावर बेतू शकतं. बाळंतपणातला रक्तस्राव हे आयांच्या मृत्यूच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. शिवाय कमी वजनाच्या आईला बाळ लवकर होण्याची आणि अडीच किलोच्या आतलं होण्याची शक्यता जास्त, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे पहिलं वर्षभर घराला घोर, आज न्यूमोनिया, उद्या जुलाब.

आणि वजन भरून काढायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. कमी वजनाच्या बाईनं गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढायला पाहिजे असं शास्त्र सांगतं. लठ्ठ बाईनं पाच ते नऊच वाढलं तरी चालतं. म्हणजे बघा, जिला खायची सवय नाही, जिची भूकच मेलीय, तिनंच सगळ्यात जास्त वाढवायचंय, आणि ते कुठं, तर सासरी, जिथं ती नवीन आहे, मागून घ्यायची लाज वाटते, उलट्या चालल्यात, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायला बसते. हे शेवटी जेवणं मी इतक्या घरांत बघितलंय. दुधाचा पेला सासऱ्यांना, मग नवऱ्याला, मग दिराला, अंडी आणली तर पुरुषांना, मटणाच्या दिवशी तिच्या ताटात रस्सा आणि एखादं हाडूक. कुणी दुष्ट असतं म्हणून होत नाही हे. सासूनं पण आयुष्यभर तसंच खाल्लेलं असतं. मी एकदा एका सासूबाईंना म्हटलं की काकू सूनबाईला तुमच्यासोबत बसवा जेवायला, तुम्ही दोघी आधी बसा, तर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या मला पण कधी कुणी आधी बसवलं नाही. पुढच्या भेटीला गेले तर दोघी पाटावर शेजारी बसून शेंगाचटणी-भाकरी खात होत्या, वर दही होतं, त्या महिन्यात सूनबाईचं वजन दोन किलोनं वाढलं. गोळ्या त्याच होत्या, फक्त ताट बदललं.

आता दुसरी गोष्ट, ही फार कमी लोकांना माहिती आहे आणि ती आपल्या पुण्यातच शोधलेली आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या बारीक बायकांसारखंच. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, दंड बारीक, पोटातले अवयव लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! स्नायू कमी, चरबी राखलेली. म्हणजे वरून बारीक आणि आतून जाड. अशी मुलं मोठी होताना पोट भरून खायला लागली, वजन भराभर वाढलं, की साखरेच्या आजाराकडं ती लवकर झुकतात. त्या अभ्यासात अजून एक निघालं, ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खायच्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती.

डॉ. याज्ञिकांचा एक फोटो पण प्रसिद्ध आहे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. मशीनवर तपासलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआयच्या मापात दोघंही एकसारखे. मग तुमच्या बायोडाटातल्या त्या किलोच्या आकड्यावरून मुलगी निरोगी का आजारी हे कसं कळणार सांगा.

मला यातनं एवढंच म्हणायचंय की मुलगी बारीक ठेवली म्हणजे जाडीपासून घर वाचलं असं होत नाही. उलट पुढच्या पिढीच्या साखरेची आणि पोटाच्या घेराची तयारी त्या बारीक आईच्या पोटातच होते. आपल्या वसाहतींत तुम्ही हे रोज बघताय, आई सकाळपासून सूप मांडीवर घेऊन विडी वळते, ४० किलोची आहे, तंबाखूच्या धुळीनं खोकते, आणि तिचा मुलगा तिशीतच पोट सुटून साखरेच्या गोळ्या खातोय. लोक म्हणतात एकाच घरात असं उलटं कसं. उलटं नाहीये, ते एकामागनं एक आलेलं आहे.

जाडपणाला मी चांगलं म्हणत नाहीये हं, कुणी असा अर्थ काढू नका. जास्त वजनाच्या मुलींना पीसीओडी (पाळी बिघडवणारा बीजकोशांचा त्रास), गरोदरपणातली साखर, वाढलेला बीपी, सिझेरियन, हे सगळं जास्त होतं आणि मी ते बघितलंय. पण त्याला उपाय आहे आणि तो सगळ्यांना माहितेय. डॉक्टर स्वतःहून सांगतात, घरचे सांगतात, शेजारचे पण सांगतात. वजन पाच-दहा टक्के कमी झालं तरी पाळी सुधारते, म्हणजे ७० किलोच्या मुलीनं साडेतीन ते सात किलो, ते पण महिन्याला दोन-तीन किलोच्या चालीनं, भाकरी न सोडता, रोज कंबर तलावाला किंवा सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून. ते तिनं तिच्यासाठी करायचं, चहापोह्यांच्या तारखेसाठी नाही. तारीख समोर ठेवून उतरवलेलं वजन स्नायूतून जातं, हाडातून जातं, पित्ताचे खडे होऊ शकतात, आणि लग्नानंतर चरबी होऊन परत येतं. बारीक मुलीला मात्र कुणी काहीच सांगत नाही. तिला कुणी डॉक्टरकडं नेत नाही. ती आजारी आहे हे तिला स्वतःला पण ठाऊक नसतं. मी ठामपणे बोलते ते या कारणानं.

बाहेरचे आकडे पण हेच दाखवतात. ब्रिटनमधे ३६ लाख लोकांच्या नोंदी बघून २०१८ साली एक अभ्यास आला, त्यात ३० च्या वर बीएमआय असलेल्या बायकांचं चाळिशीनंतरचं आयुष्य साडेतीन वर्षांनी कमी निघालं आणि १८.५ च्या खाली असलेल्या बायकांचं साडेचार वर्षांनी. पुरुषांत दोन्हीकडं जवळपास सारखंच, ४.२ आणि ४.३. यात आधीच आजारानं खंगलेले लोकही धरले गेलेले असू शकतात, त्यामुळं सगळा दोष बारीकपणालाच द्यायचा नाही. पण बारीक म्हणजे सुरक्षित, हा समज तरी यानं मोडायला हवा.

खंगण्यावरून आठवलं, टीबीचं सांगायलाच पाहिजे. बीएमआय एकानं खाली आला की टीबीचा धोका साधारण चौदा टक्क्यांनी वाढतो, आणि आपल्या वस्त्यांत टीबी आहे हे सगळ्यांना माहिती आहे, फक्त लग्नाच्या बोलणीत कुणी तोंडातून काढत नाही. मुलगी अचानक बारीक व्हायला लागली, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, संध्याकाळी अंग गरम होतं, भूक नाही, तर तिला आधी बेडका तपासायला पाठवा, तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिन्याला पैसे पण मिळतात, आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० केलेत. झारखंडमधे टीबी झालेल्यांच्या घरच्यांना धान्य-डाळ देऊन बघितलं तर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण खूप कमी झालं, २०२३ साली तो अभ्यास छापून आला. पूर्ण औषध घेतलेली मुलगी बरी होते, तिला मुलं होतात, संसार होतो. तिचं स्थळ लपवू नका, मोडू पण नका.

काही जण म्हणतील आमच्या घरात सगळेच काटक आहेत, पिढ्यान् पिढ्या. असतात की असे लोक. मुलगी लहानपणापासून बारीकच आहे, वजन स्थिर आहे, नीट जेवते, पाळी वेळेवर, हिमोग्लोबिन बारा किंवा वर, दमत नाही, तर ती ठणठणीत आहे, तिला "हडकुळी" म्हणून चिडवायचं काही कारण नाही आणि बळंच तूप पाजायचं पण नाही. फरक तपासल्याशिवाय कळत नाही एवढंच माझं म्हणणं.

आणि मुलांचं काय? मुलाच्या बायोडाटात पगार, शेती, प्लॉट, फ्लॅट सगळं असतं, कमरेचा घेर कधी बघितला नाही मी. आपल्या पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे आणि बायकांचा ८० च्या आत, हे माप पोटातली चरबी दाखवतं आणि साखरेचा खरा धोका तिथं असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधे आलेल्या अभ्यासात देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह निघाला आणि साडेतेरा कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्यातले कितीतरी तिशीतले असतील, कुणी कुणाचे जावई. मुलीकडच्यांनी मुलाची साखर विचारली की तुमच्यातले काही जण म्हणतात असं विचारू नये, बोलणी फिसकटतात. मी म्हणते विचारा. दोन्हीकडच्यांनी विचारा.

तर काय करायचं. वजन, बांधा, रंग हे रकाने काढा, मुलाचे पण आणि मुलीचे पण. त्याऐवजी दोघांनीही लग्न ठरायच्या आधी हिमोग्लोबिन, साखर, बीपी, रक्तगट, आणि थॅलेसिमिया व सिकलसेल या आईबापाकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजारांची तपासणी करून घ्यावी असं फॉर्मच्या खाली छापा. रिपोर्ट तुमच्याकडं जमा करू नका, मेळाव्यात वाचू नका, तो ज्याचा त्याच्याकडं राहू दे, दोन्ही घरांनी एकमेकांना विश्वासानं दाखवावा. हिमोग्लोबिन आठ-नऊ आहे म्हणून स्थळ मोडायची गरज नाही, मुहूर्त तीन महिने पुढं घ्या, तेवढ्यात गोळ्यांनी फरक पडतो. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा प्यायचा नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन तिथंच अडकलेलं असतं, जेवलं की लगेच कपभर चहा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून चालू पाहिजे, म्हणजे लग्न ठरलं की सुरू केलं तर चांगलंच.

खायला बाहेरचं काही आणायला नको. आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात तर पंचवीसच्या जवळपास. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, मेथी नाहीतर राजगिऱ्याची भाजी, वरून लिंबू, दही, हंगामात पेरू, चालत असेल तर अंडं आणि आठवड्याला मटण. हे मुलीला पोटभर मिळालं की पावडरचे डबे लागत नाहीत. आणि सोळा सोमवार करणाऱ्या मुलींच्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे, उपास करू देत, श्रद्धेला माझा विरोध नाही, मी पण करते, पण ४० किलोच्या मुलीनं नुसत्या चहावर दिवस काढायचा नाही, शेंगदाण्याचा लाडू, दूध, राजगिरा, केळी पोटात गेलंच पाहिजे. महादेव काही उपाशी पोरीवर जास्त प्रसन्न होत नाही.

आणि अठराच्या आतल्या मुलीचा बायोडाटा घेऊच नका. कायदा आहेच, पण सोळा-सतराची मुलगी स्वतःच अजून वाढत असते, तिची हाडं भरत असतात, तिच्या पोटात बाळ वाढायला लागलं की एकाच ताटातलं दोघांना पुरत नाही. पालक जन्मतारीख बदलून देतात, शाळेचा दाखला मागा.

पुढच्या मेळाव्यापासून सुरुवात करू या का? नोंदणीच्या टेबलाशेजारी अजून एक टेबल द्या, पडदा लावलेला, आत एका वेळी एकच जण. हिमोग्लोबिन मोजायचं मशीन आणि पट्ट्या, साखर बघायचं मशीन, बीपीचं मशीन, उंचीची पट्टी आणि शिंप्याचा टेप एवढं लागेल, पट्ट्यांचा खर्च जेवणावळीतलं एक गोड कमी केलं तरी निघेल. मुलं-मुली दोघांची तपासणी, आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात. मी येते, माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या अजून दोन सिस्टर यायला तयार आहेत, मानधन नको. फक्त तारीख चार दिवस आधी कळवा, पट्ट्यांची मुदत बघून आणाव्या लागतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
सोलापूर